सामता, ब्रेस आणि एगबीटर: वेग कमी झाला, भोक मोठं झालं

आजचा विषय आहे भोक. हसू नका. भोक पाडायची हत्यारं, आणि तीसुद्धा विजेशिवाय चालणारी. या भागात थोडी आकडेमोड आहे आणि ती बसमध्ये उभं राहून कानात शिरत नाही, म्हणून हे लिखित रूप. बोलताना जे पुन्हा पुन्हा आलं ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

आपल्या डोक्यात तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एक ठरलेला ग्राफ असतो. आधी सगळं हळू, मग जरा फास्ट, मग सुपरफास्ट. फोनमधल्या प्रोसेसरसारखं. ड्रिलच्या इतिहासावर हा ग्राफ ठेवून बघा, बसतच नाही. हजारो वर्षांपूर्वीचं, धनुष्याने फिरवायचं ड्रिल मिनिटाला पाच-सहाशे फेरे सहज मारतं. त्याच्या कितीतरी नंतर युरोपात आलेला सुताराचा ब्रेस जेमतेम पन्नास-साठ. म्हणजे वेग दहापट कमी झाला. तरी सुतारांनी ब्रेस उचलून धरला. का? आजचा भाग या एका ‘का’ वर आहे.

आधी आपल्या ओळखीच्या हत्याराकडे येऊ. मराठीत त्याला सामता म्हणतात. तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द ऐकलाही नसेल, पण आजीला विचारा, सुताराच्या पेटीत काय काय असायचं: करवत, रंधा, पटाशी, वाकस, सामता. माझ्या आजोळी, चिपळूणच्या बाजूला, मी लहान असताना सामता चालताना पाहिलाय. एक लाकडी दांडा, खालच्या टोकाला लोखंडी पातं, वरच्या टोकाला सुटी फिरणारी मूठ. ही मूठ कुठे लाकडाची, कुठे नारळाच्या करवंटीचा तुकडा. दांड्याला दोरीचा एक वेढा, आणि ती दोरी एका कमानीला बांधलेली. सुतार जमिनीवर बसतो, डाव्या हाताने मूठ दाबतो, उजव्या हाताने कमान सारंगीच्या गजासारखी पुढे-मागे ओढतो. दांडा गर्रकन इकडे फिरतो, गर्रकन तिकडे.

ही युक्ती तुम्ही घरात पाहिलेलीच आहे. ताक घुसळायची रवी. खांबाला बांधलेली मोठी रवी आणि तिच्या दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढायची. यज्ञात अरणीतून अग्नी काढतात तेही हेच: दांड्याला दोरी, दोरी ओढायची. समुद्रमंथनाचं चित्र तर काय, मंदार पर्वताएवढी कल्पना सोडा, मेकॅनिझम रवीचाच. हाताची सरळ रेषेतली पुढे-मागे हालचाल दोरीने गोल फिरण्यात बदलायची.

आता आकडे. समजा दांडा अडीच सेंटिमीटर जाड आहे. त्याचा परीघ साधारण 7.85 सेंटिमीटर. कमान एकदा 40 सेंटिमीटर ओढली तर दांड्याचे पाच फेरे होतात. एका सेकंदात एकदा पुढे आणि एकदा मागे गेलात, तर दहा फेरे. मिनिटाला 600. कागदावर, आणि दोरी घसरली नाही तर. पण विसरू नका, यातले 300 एका दिशेने आणि 300 उलट्या. प्रत्येक टोकाला दांडा क्षणभर पूर्ण थांबतो आणि परत उलटा सुटतो.

हे हत्यार किती जुनं? बलुचिस्तानात मेहरगढ नावाची जागा आहे, आज पाकिस्तानात. तिथल्या नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ माणसांच्या मिळून अकरा दाढांना भोकं पाडलेली सापडली. काळ आजपासून 7,500 ते 9,000 वर्षांपूर्वीचा. 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये हे संशोधन छापून आलं. भोकं मेल्यानंतर पाडलेली नाहीत, कारण त्यांच्या कडा नंतरच्या चावण्याने गुळगुळीत झाल्यात. म्हणजे माणूस जिवंत होता, ड्रिलिंग झालं, आणि तो पुढे जेवत राहिला. संशोधकांनी गारगोटीचं टोक लावलेलं कमानीचं ड्रिल बनवून पाहिलं, तर दाताच्या इनॅमलला तसं भोक पडायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. (माझा डेंटिस्ट फोन उचलत नाही तेव्हा मला मेहरगढ आठवतं.) मेहरगढमध्ये मणी बनवणारे कारागीर होतेच. मण्याला भोक पाडणारा हातच दाताकडे वळला असावा, असा तर्क आहे, आणि मला तो पटतो.

मण्यांवर जरा थांबतो, कारण या हत्याराची खरी परीक्षा तिथे आहे.

सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांनी लाल अकीकाचे लांबट मणी केले, बोटाएवढे लांब आणि मध्ये आरपार बारीक भोक. अकीक म्हणजे क्वार्ट्झच्या कुळातला दगड, साध्या पोलादापेक्षा कठीण. त्याला भोक पाडायला त्यांनी एका खास दगडाची टोकं वापरली. त्या दगडाला संशोधकांनी अर्नेस्टाइट असं नाव दिलंय, चान्हूदडोचं उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्यावरून. जोनाथन मार्क केनोयर या पुरातत्त्वज्ञाने हे सगळं प्रत्यक्ष करून पाहिलं. वेग किती आला? तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर.

पुन्हा वाचा. तासाला अडीच मिलिमीटर. मी एकदा फोनच्या कव्हरवर अडीच मिलिमीटरची खूण करून टेबलावर ठेवली होती, नुसतं बघायला. एवढंसं.

मणी 8 सेंटिमीटरचा धरा. 80 भागिले अडीच, 32 तास. रोज आठ तास काम केलं तर चार दिवस, फक्त भोकासाठी. दगड निवडणं, भाजणं, छिलणं, घासणं, पॉलिश वेगळं. कराचीजवळ अल्लाहदिनो इथे असे 36 लांब मणी असलेला कमरपट्टा सापडलाय. आपला 8 सेंटिमीटरचा अंदाज धरला तर 144 दिवसांचं नुसतं ड्रिलिंग. जवळजवळ पाच महिने एका माणसाने कमान ओढायची. त्यात भोक दोन्ही टोकांकडून पाडत आणायचं आणि मध्ये जुळवायचं. चौथ्या दिवशी मणी तडकला तर चारही दिवस गेले. अनडू नाही. असे मणी आजच्या इराकमधल्या उर शहराच्या राजघराण्यातल्या थडग्यांमध्ये सापडलेत. राणीच्या गळ्यापर्यंत ते का पोचले, हे या गणितात दिसतं. दगड मौल्यवान होता म्हणून नाही. त्यात कोणाचे तरी दिवस भरलेले होते म्हणून.

मण्यांचं हे काम गुजरातमध्ये खंबातला अजून चालतं. दगडाऐवजी हिऱ्याच्या बारीक कणांचं टोक आलं, त्याने काम कितीतरी पटींनी वेगात होतं, पण कमान तीच, दोरी तीच. टोकावर पाण्याचे थेंब पडत राहतात, टोक तापू नये आणि दगडाचं पीठ वाहून जावं म्हणून. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. खंबातमध्ये दगड घासायच्या कामात विजेवर फिरणारी चाकं आली आणि काम झपाट्याने व्हायला लागलं. पण कोरडं घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. अकीक घासणाऱ्या कामगारांमधला सिलिकोसिस हा डॉक्टरांना चांगला माहीत असलेला आजार आहे, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यावर अभ्यास केलेत. हा आजार बरा होत नाही. तेव्हा ‘हातानं करत बसतात, मागासलेले आहेत’ असं म्हणायच्या आधी वेगाचं बिल कोणाच्या नावावर फाटतंय ते बघावं. ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांना मिळणारं अकीकाचं ब्रेसलेट घेताना मी तरी आता दोनदा विचार करतो.

बरं, परत सुताराकडे.

सामत्याचा प्रॉब्लेम काय? तो उलटसुलट फिरतो, म्हणून त्याच्या पात्याला दोन्ही दिशांनी कापावं लागतं. दोन्ही दिशांनी कापणारं पातं म्हणजे भाल्याच्या टोकासारखं चपटं, दोन्ही कडांना सारखं. ते खरं तर कापत नाही, खरवडतं. आणि भुसा बाहेर टाकायची सोय नाही. बारीक भोक, पातळ फळी, खिळ्याच्या आधीचं भोक, याला उत्तम. पण दाराच्या चौकटीत बोटभर जाडीचं, वीतभर खोल भोक हवं असेल तर सामता हात टेकतो. कारण दुसरं गणित, जोराचं. कमानीची दोरी दांड्याच्या बाहेरच्या कडेवर ओढते, म्हणजे मध्यापासून फक्त सव्वा सेंटिमीटरवर. पाच किलोच्या जोराने ओढलंत तरी पिळायची ताकद सव्वासहा किलो-सेंटिमीटर. पान्याची दांडी कापून सव्वा सेंटिमीटरची केली तर नट सुटेल का? तसंच.

मोठ्या भोकांसाठी मग गिरमिट होतं. खाली आटे असलेलं किंवा पन्हळीसारखं लोखंड, वर आडवी मूठ, इंग्रजी टी अक्षरासारखी. (हे ‘गिमलेट’चं मराठी रूप. गिरमिटिया मजुरांचा याच्याशी संबंध नाही, तो शब्द ‘ॲग्रीमेंट’वरून आला. आणि हुबळी-धारवाडकडच्या श्रोत्यांनो, तुमचं चुरमुऱ्यांचं गिरमिट वेगळं, भूक लागली तर पॉज करा.) गिरमिटात ताकद भरपूर, आणि ते एकाच दिशेने जातं. पण अर्धा फेरा झाला की हात अडकतो. मूठ सोडायची, पुन्हा पकडायची, पुन्हा अर्धा फेरा.

म्हणजे चित्र असं होतं: सामत्यात वेग होता, पण दिशा नव्हती. गिरमिटात दिशा होती, पण सलगपणा नव्हता. आणि माणसं कित्येक शतकं या दोन्हींवर काम भागवत होती.

ब्रेस या दोघांच्या मधून निघाला. सळईला एक मोठा वाक द्या, इंग्रजी यू अक्षरासारखा. खाली बिट, वर सुटी फिरणारी टोपी. टोपीवर एक हात किंवा छाती टेकून दाब द्यायचा, दुसऱ्या हाताने वाक धरून गोल गोल फिरवायचं. न थांबता, न सोडता, एकाच दिशेने. बस, एवढंच. यात दातेरी चाक नाही, दोरी नाही, काहीच नाही.

आता हे एवढं सोपं आहे तर आधी कोणाला का सुचलं नाही? आपलं जातं घ्या. त्याचा खुंटा मध्यापासून दूर बसवलेला असतो आणि तो धरून आपण दगड गोल फिरवतो. हाच क्रँक. म्हणजे क्रँक माणसाला कधीचा माहीत होता. पण जात्याचा आस जमिनीवर घट्ट बसलेला असतो. ब्रेसमध्ये आस हवेत असतो आणि तो तुम्हीच धरून ठेवायचा असतो. एक हात स्थिर, दुसरा त्याच्याभोवती वर्तुळात. लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराचं म्हणणं असं की सजीवांच्या अंगाला पुढे-मागे हालचाल स्वाभाविक आहे, सलग गोल फिरणं नाही, म्हणून माणसाला क्रँक अंगवळणी पडायला इतका वेळ लागला. मला हे अर्धंच पटतं. जात्यावर पहाटे दळणाऱ्या बाईला गोल फिरवणं अंगवळणी पडलेलंच होतं की. पण दळणारी आणि सुतार यांची हत्यारं एकमेकांशी बोलत नव्हती, हे मात्र खरं असावं.

ब्रेसची चित्रं युरोपात साधारण 1420 च्या सुमारापासून दिसायला लागतात. त्यातलं एक सुंदर चित्र न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात आहे, मेरोड अल्टारपीस. रॉबर्ट काम्पँ या फ्लेमिश चित्रकाराच्या कार्यशाळेतलं, 1427 ते 1432 च्या दरम्यानचं. तीन फळ्यांचं चित्र. मधल्या फळीत देवदूत मेरीकडे आलाय, मोठी धार्मिक घटना चालू आहे. आणि उजव्या फळीत जोसेफ सुतार आपल्या दुकानात बसून ब्रेसने एका फळीला ओळीने भोकं पाडतोय. शेजारच्या घटनेशी त्याला काही देणंघेणं नाही, डेडलाइन असावी. फोनवर चित्र शोधा आणि त्याच्या हातांवर झूम करा. एक हात वर, एक हात वाकावर.

गणित बघू. ब्रेसचा हात ज्या वर्तुळात फिरतो त्याचा व्यास 10 इंच असतो असं धरा, म्हणजे त्रिज्या साधारण साडेबारा सेंटिमीटर. तोच पाच किलोचा जोर, पण आता साडेबारा सेंटिमीटरवर. साडेबासष्ट किलो-सेंटिमीटर. सामत्याच्या बरोब्बर दहापट. आणि फेरे मिनिटाला साठाच्या आसपास, सामत्याच्या दहावा भाग. ताकद दहापट, वेग दहावा हिस्सा. निसर्ग डिस्काउंट देत नाही. (बीटेकला चार वर्षं जे सूत्र लिहिलं ते मला नीट कळलं ते या हत्यारामुळे.)

पण ताकदीइतकीच दिशाही महत्त्वाची. बिट आता एकाच बाजूला फिरणार, ही खात्री मिळाली की बिटचा आकार बदलता येतो. एकाच कडेला खरी धार देता येते. टोकाला छोटा स्क्रू लावता येतो, तो लाकडात शिरून बिटला आपोआप आत ओढतो. अंगावर पीळ कोरता येतो, त्यातून भुसा वर चढून बाहेर येतो. सामत्याला स्क्रूचं टोक लावलंत तर? पाच फेरे आत जाईल आणि पाच फेरे बाहेर येईल. दिवसभर.

हे बिट सुधारायलाही वेळ लागलाच, आणि बराचसा मोठा टप्पा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात झाला. रसेल जेनिंग्जने 1855 मध्ये दुहेरी पिळाच्या लाकडाच्या बिटचं पेटंट घेतलं. स्टीफन मोर्सने 1863 मध्ये धातूला भोक पाडायच्या ट्विस्ट ड्रिलचं. आज तुमच्या घरातल्या ड्रिलच्या डबीत जे पीळदार बिट आहेत, ते मोर्सच्याच वंशातले. 1864 मध्ये बार्बरने ब्रेससाठी असा चक पेटंट केला की चकाचं कवच हाताने पिळलं की आतले जबडे बिटला घट्ट धरतात.

बारीक ट्विस्ट बिट आले आणि उलटा प्रॉब्लेम उभा राहिला. दोन-तीन मिलिमीटरच्या बिटला ब्रेसची ताकद नको असते, उलट ती घातक, बिट कट्‌कन मोडतं. त्याला वेग हवा. म्हणून आलं ते हँड ड्रिल, ज्याला इंग्रजीत लाडाने एगबीटर म्हणतात, कारण ते अंडं फेटायच्या यंत्रासारखं दिसतं. बाजूला मोठं दातेरी चाक, त्याला हँडल, आणि ते चाक काटकोनात बसवलेल्या छोट्या चाकाला फिरवतं. मोठ्या चाकाला 60 दाते आणि छोट्याला 15 असतील तर हँडलच्या एका फेऱ्यात बिटचे चार. मिनिटाला 70 फेरे हाताने मारले की बिटचे 280. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलर्स फॉल्स कंपनीची ही ड्रिल्स फार नावाजलेली.

पाहिलंत का? तरीही 280. सामत्याचे 600 अजून गाठले नाहीत. पण ते 280 सगळे एकाच दिशेने, म्हणून मोर्सचं बिट त्यावर चालतं.

विजेचं थोडक्यात: 1889 मध्ये मेलबर्नला आर्नोट आणि ब्रेन यांचं पेटंट, 1895 मध्ये जर्मनीत फाइन बंधूंचं हातात धरता येणारं ड्रिल, आणि 1917 मध्ये ब्लॅक अँड डेकरचं पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या ड्रिलचं पेटंट. त्यानंतरची गोष्ट तुमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी रविवारी दुपारी दोन वाजता ऐकवतात.

आता वापरायचं कसं, कारण दर वेळी हा प्रश्न येतोच. माझ्याकडे एक एगबीटर आहे, पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेलं. आमच्या सोसायटीत दुपारी ड्रिल मशीनला बंदी आहे, याला नाही. तुम्हाला घ्यायचं असेल तर तीन गोष्टी बघा. एक, चक पूर्ण उघडून तीन जबडे आहेत का आणि मागचे बारीक स्प्रिंग शाबूत आहेत का. बहुतेक वेळा तेच गेलेले असतात. दोन, मोठ्या चाकाला एकच छोटं चाक लागतंय की समोरासमोर दोन. दोन असतील तर उत्तम, दुसरं चाक बिट फिरवत नाही पण मोठ्या चाकाला तिरकं होऊ देत नाही. तीन, दाते. गंज चालेल, रॉकेलमध्ये एक रात्र ठेवून तारेच्या ब्रशने निघतो. मोडलेला दाता चालणार नाही, हँडल प्रत्येक फेऱ्याला तिथे अडखळणार. साफ झालं की दात्यांना आणि आसाला मशीन ऑइलचा एकेक थेंब.

भोक पाडताना आधी खिळ्याने खूण करा, नाहीतर बिट फळीवर नाचतं. बिट नवं किंवा धार लावलेलं हवं. विजेचं मशीन बोथट बिटलाही रेटून नेतं, हाताला ते लगेच कळतं आणि खांदा दुखतो. डाव्या हाताने वरून हलका दाब, उजव्या हाताने सारख्या लयीत फिरवा. घाई केली की हात डुलतो आणि बारीक बिट तिथेच मोडतं. लोखंडाची पट्टी असेल तर तेलाचा थेंब टाका. मध्येमध्ये बिट बाहेर काढून भुसा झटका.

आणि शेवटच्या दोन मिलिमीटरला फिरवणं तेवढंच ठेवा, दाब काढून घ्या. लाकूड बदललेलं हँडलमधून कळतं, आधी जड लागत असलेलं एकदम मोकळं व्हायला लागतं. फळीखाली दुसरा टाकाऊ तुकडा ठेवलेला असेल तर मागची बाजू फाटत नाही. बिट त्या तुकड्यात पाव इंच जाऊ द्या, मग उलटं फिरवू नका, त्याच दिशेने फिरवत वर ओढा. भुसा सोबत निघून येतो.